आधी सर्टिफिकेट की आधी शाळा? विशेष गरजा असलेल्या मुलांच्या नागपूरकर पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

दहावीच्या परीक्षेला दोन महिने उरले की धावपळ सुरू होते. लेखनिक हवा, जादा वेळ हवा, त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र हवं आणि प्रमाणपत्रासाठी मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात) नंबर हवा. तोवर शाळेनं परीक्षा मंडळाकडे प्रस्ताव पाठवायची मुदत संपलेली असते. तिसरी-चौथीतल्या मुलांचे पालक नेमकी उलटी चूक करतात. 'आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू' असं शाळेनं सांगितलं की ते वर्षभर दवाखान्याच्या चकरा मारत राहतात, आणि तेवढं वर्ष मूल मागच्या बाकावर तसंच बसून असतं.

दोन्हीकडे गोंधळ एकच आहे. वर्गातली सोय आणि परीक्षेतली सवलत ही दोन वेगळी कामं आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळेवर ज्या जबाबदाऱ्या टाकल्या आहेत (भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय, अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली खास अडचण, लवकर ओळखणं), त्यांत दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असण्याची अट नाही. ही जबाबदारी मान्यताप्राप्त खाजगी शाळांवरही आहे. चाळीस टक्के आणि त्यावरचं प्रमाणपत्र लागतं ते मंडळाच्या सवलती, शिष्यवृत्त्या, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव जागा अशा गोष्टींसाठी. म्हणून दोन्ही कामं सोबत चालवायची. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

तयारी: एक फाईल आणि एक सवय

एक साधी फाईल घ्या. तिच्यात मुलाच्या आधारची प्रत, जन्मदाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं, डॉक्टरांचे जुने कागद आणि चार-पाच वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स ठेवा. वह्या कच्च्या घ्या. घरी बसून आईनं लिहून घेतलेली सुंदर वही तपासणीत काहीच कामाची नसते.

सवय अशी लावून घ्या की शाळेत किंवा कार्यालयात जो कागद द्याल त्याची दुसरी प्रत सोबत न्यायची, आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच परतायचं. 'मॅडमना तोंडी सांगितलं होतं' याला पुढे कोणी विचारत नाही.

तपासा: आधार, शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्मदाखला या तिन्हींवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी आहे का? नसेल तर आधी हेच दुरुस्त करून घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आधारवरच्या नावानं निघतं, मंडळाचा अर्ज शाळेच्या नोंदीवरून भरला जातो, आणि दोन नावं जुळली नाहीत की प्रस्ताव परत येतो.

पायरी १: आधी डोळे आणि कान

मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं म्हणजे डिस्लेक्सिया (वाचनाची अध्ययन अक्षमता), असा निष्कर्ष हल्ली फार पटकन काढला जातो. आधी चष्म्याचा नंबर आणि ऐकू येणं तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं. त्या दिवशी मूल गैरहजर होतं का, हे विचारा. पथकानं दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तराच्या तळाशी पडून राहिलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

पायरी २: दोन-तीन आठवडे निरीक्षण, लिहून

डॉक्टर मुलाला अर्धा-पाऊण तास बघतात. रोजचं काय ते तुम्हाला आणि वर्गशिक्षकांनाच ठाऊक असतं, म्हणून ते कागदावर हवं.

शाळेच्या पत्रात बहुधा असं लिहिलेलं असतं: 'विद्यार्थी अभ्यासात कच्चा आहे, लक्ष देत नाही, पालकांनी लक्ष द्यावे.' यातून कोणालाच काही कळत नाही. कामाची नोंद अशी असते:

'फळ्यावरची एक ओळ उतरवायला तीनदा मान वर करतो. अर्ध्या ओळीवर थांबतो, पुढची ओळ तिथूनच सुरू करतो. वेलांट्या आणि अनुस्वार सुटतात. ब आणि व यांत गल्लत होते. तोच धडा वाचून दाखवला तर प्रश्नांची तोंडी उत्तरं बरोबर देतो. तोंडी हिशेब येतो, शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही म्हणून सोडून देतो.'

यात मूल कुठे अडतं आणि कुठे अडत नाही, दोन्ही दिसतं. दुसरी बाजू लिहायला शिक्षक आणि पालक दोघंही विसरतात, आणि पुढच्या सगळ्या मदतीचा आधार तीच असते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा चंचल मुलाबद्दल लिहिताना प्रसंग वेळेसकट लिहा: मधल्या सुट्टीच्या घंटेनंतर कान झाकतो, तासाची अदलाबदल झाली की रडतो, पंख्याखालच्या बाकावर अस्वस्थ होतो.

अध्ययन अक्षमतेची चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षाच्या आसपास शाळेनंच करावी, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲपही शिक्षकांना पहिली चाळणी करता यावी म्हणूनच आहे. तुमच्या शाळेत ती झाली का, हे विचारणं तुमचा अधिकार आहे. फक्त चाळणीत नाव आलं म्हणजे निदान झालं, असं समजू नका.

इशारा: घरात मराठी किंवा हिंदी, गल्लीत हिंदी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशी नागपुरात हजारो मुलं आहेत. त्यातल्या काहींची अडचण फक्त भाषेची असते. मूल घरच्या भाषेतही तसंच अडतं का, हे नोंदीत आवर्जून लिहा.

पायरी ३: मुख्याध्यापकांना लेखी अर्ज

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलैचा पहिला-दुसरा आठवडा अर्जासाठी उत्तम, कारण वेळापत्रक आणि वर्गखोल्या अजून हलवता येतात. अर्ज एका पानाचा, तक्रारीचा सूर नसलेला:

'माझा पाल्य इयत्ता ४ थी ब मध्ये शिकतो. त्याला वाचन व लेखनात सातत्याने अडचण येत आहे. सोबत निरीक्षणाची नोंद व वह्यांच्या प्रती जोडल्या आहेत. वैद्यकीय तपासणीची प्रक्रिया आम्ही सुरू करत आहोत. दरम्यान दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार वर्गात आवश्यक त्या सोयी द्याव्यात, समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षण विशेष शिक्षकांना कळवावे, आणि वर्गशिक्षकांसोबत बैठकीची तारीख द्यावी, ही विनंती.'

'दरम्यान' हा शब्द गाळू नका. अर्जाचा सगळा जोर त्याच्यावर आहे.

समग्र शिक्षा अभियान या सरकारी शालेय योजनेत समावेशित शिक्षणासाठी (सगळ्या मुलांसोबत एकाच वर्गात शिकण्यासाठी) विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ नेमलेले असतात. ग्रामीण भागात कामठी, हिंगणा, काटोल अशा तालुक्यांच्या गटसाधन केंद्रात, शहरात शहर साधन केंद्रात चौकशी करा. एकेका शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात, त्यामुळे ते रोज येऊन शिकवतील ही अपेक्षा धरू नका. त्यांच्याकडून मुलाचा आराखडा करून घ्या आणि वर्गशिक्षकांना तो राबवायचा कसा ते शिकून घ्यायला लावा. खाजगी विनाअनुदानित शाळेत हे शिक्षक सहसा पोचत नाहीत. तिथे शाळेचा स्वतःचा विशेष शिक्षक किंवा समुपदेशक कोण, ते अर्जातच विचारा.

पायरी ४: वर्गातला आराखडा

खरी मदत इथे होते आणि सगळ्यात जास्त पाट्या टाकण्याचं कामही इथेच होतं. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणून जो कागद तयार होतो, त्यात 'वाचन सुधारेल, एकाग्रता वाढेल' असं लिहून सही केली जाते. असा आराखडा कोणालाही बांधत नाही.

उद्दिष्ट असं लिहून घ्या: 'ऑगस्टअखेर जोडाक्षरं नसलेला पाच ओळींचा परिच्छेद तीनपेक्षा कमी चुका करून वाचेल.' शेजारी कोण करणार, कधी करणार आणि तपासणार कोण. एका सत्रात अशी तीन-चार उद्दिष्टं पुरतात. दहा लिहिली की एकही होत नाही.

मग सोयी. बहुतेकांना पैसे लागत नाहीत:

फळ्यावरून उतरवण्याचा भार कमी करा. शिक्षकांच्या टिपणाची किंवा शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स चालेल. चाचणीत प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवा, पण अगदी कोपऱ्यात नको. शिक्षकाचा चेहरा समोरून दिसला पाहिजे, फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. कमी दिसणाऱ्याला जाड काळ्या अक्षरांत लिहिलेला कागद द्या. स्वमग्न मुलाच्या बाकावर दिवसाचं वेळापत्रक चित्रांत चिकटवा, आणि आवाज असह्य झाला की दोन मिनिटं कुठे जाऊन बसायचं ती जागा आधीच ठरवून ठेवा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी रॅम्पचं अंदाजपत्रक मंजूर होण्याची वाट कशाला पाहायची? त्या वर्षी तो वर्गच तळमजल्यावर आणा. शौचालयाचं दार मात्र मोजून बघा. खुर्ची आत जात नसेल तर मूल दिवसभर पाणी पीत नाही, आणि नागपूरच्या उन्हात ते फार महागात पडतं.

काही शाळा पालकांना सांगतात, 'मदतनीस तुम्ही आणा, तरच बसवू.' लहान, खूप आधार लागणाऱ्या मुलासाठी मदतनीस उपयोगी असतो, हे खरं. पण कायद्यानं सोय करण्याची जबाबदारी शाळेची आहे आणि मदतनीस ही प्रवेशाची अट होऊ शकत नाही. मदतनीस असेल तर त्याचं काम लिहून ठेवा. तो मुलाच्या वतीनं लिहायला लागला की शिक्षक त्या बाकाकडे बघणंच सोडतात, हे मला पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

तपासा: दिवाळीच्या सुट्टीआधी आराखड्याची बैठक झाली का? सुट्टीनंतर ढकललेली बैठक जानेवारीत जाते आणि वर्ष संपतं.

पायरी ५: तपासणी आणि यूडीआयडी

हे काम पायरी ३ च्या सोबतच सुरू करायचं. प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात हॉस्पिटल निवडावं लागतं, आणि पालक तिथे घराजवळचं नाव टिचकवून मोकळे होतात. थांबा. मेडिकल असो, मेयो असो की यादीतलं दुसरं कुठलं हॉस्पिटल, आधी तिथल्या दिव्यांग बोर्डाच्या खिडकीवर दोन गोष्टी विचारा: आपल्या मुलाच्या प्रकारची तपासणी इथे होते का, आणि कोणत्या वारी. हाडांच्या व्यंगासाठी एका भेटीत काम होऊ शकतं. अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांना बालरोग, मानसोपचार, मानसशास्त्रज्ञ अशा दोन-तीन टेबलांवरून जावं लागतं आणि भेटी जास्त होतात.

भेटीच्या दिवशी मुलाचं खाणं आणि झोप नीट झालेली असावी. चष्मा, श्रवणयंत्र लावूनच न्या. शाळेचं पत्र, निरीक्षणाची नोंद आणि कच्च्या वह्या द्या. मुलाला 'असं विचारतील, असं सांग' म्हणून शिकवून नेऊ नका. तपासणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येतं आणि चाचणी वाया जाते. मूल कोणत्या भाषेत मोकळं बोलतं, ते सुरुवातीलाच सांगा.

खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल वर्गातल्या आराखड्यासाठी फार उपयोगी पडतो. तो देणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते बघा. पण तो अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आठ-दहा हजार खर्चून फाईल जाडजूड केली आणि मंडळानं ती विचारात घेतली नाही, असं होतं ते याच गैरसमजामुळे.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांखालच्या मुलाला मिळत नाही. पहिलीतल्या मुलासाठी त्याच्या मागे लागू नका, त्याला वर्गातली मदत द्या. आठव्या-नवव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी पुन्हा करून घ्यावं लागतं, म्हणजे साधारण आठवी-नववीत. तारीख कॅलेंडरवर आताच लिहून ठेवा. दहावीच्या फॉर्मच्या वेळी मुदत संपलेलं प्रमाणपत्र निघणं ही या सगळ्यातली सर्वात टाळता येण्यासारखी चूक आहे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. ज्यांना शाळेत 'स्लो लर्नर' म्हणतात, बुद्ध्यांक सत्तर ते चौऱ्याऐंशीच्या मधला, ती मुलं ना अध्ययन अक्षमतेत बसतात ना चाळीस टक्क्यांच्या बौद्धिक अक्षमतेत. प्रमाणपत्रासाठी त्यांना चार हॉस्पिटलांतून फिरवू नका. त्यांच्यासाठी पायरी ४ हीच सगळी वाट आहे, आणि ती नीट केली तर मुलाला वर्गात खरंच फरक पडतो.

कार्डाचा रंग बघा: चाळीस टक्क्यांखाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, त्यावर निळं. पांढरं आलं म्हणून फाईल फेकू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की लिहिताना खरी अडचण असेल तर लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. शाळेशी बोलताना हा निकाल नावानिशी सांगा.

पायरी ६: शाळेच्या नोंदीत नाव

छोटं काम, पण राहून जातं. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत मुलाच्या नोंदीत 'विशेष गरजा असलेले बालक' ही माहिती आणि प्रकार भरला गेला पाहिजे. समग्र शिक्षाचा मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता, साहित्य वाटपाची शिबिरं, सगळ्याची यादी या नोंदीवरून निघते. यूडीआयडीची प्रत दिली की लिपिकासमोर उभं राहून नोंद झालेली बघा.

प्रवेशच अजून व्हायचा असेल तर एक लक्षात घ्या. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांत दिव्यांग बालक वंचित घटकात येतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तरी दरवर्षी कितीतरी पालक तहसीलच्या रांगेत उभे असतात.

पायरी ७: सवलत आधी घटक चाचणीत वापरा

लेखनिक, जादा वेळ, कॅल्क्युलेटर या गोष्टी दहावीत पहिल्यांदा वापरणारं मूल त्या सवलतीमुळेच गोंधळतं. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण करायचं, मग सांगायचं, 'नवा परिच्छेद' म्हणायचं, लिहिलेलं वाचून घ्यायचं. हा सराव आठवीपासून चाचण्यांमध्ये हवा.

जादा वेळ तासाला वीस मिनिटं धरला तर तीन तासांच्या पेपरला चार तास बसावं लागतं, दोन तासांच्या गणिताच्या पेपरला दोन तास चाळीस मिनिटं. बाकीची मुलं हॉलबाहेर जाऊन गलका करत असताना लिहीत राहणं चंचल मुलाला जड जातं. सराव परीक्षेत एकदा तरी पूर्ण वेळ बसवा. मार्चमधलं ऊन लक्षात घेऊन पाण्याची बाटली आणि मधे शौचालयाला जाण्याची परवानगी केंद्राशी आधीच बोलून ठेवा.

पायरी ८: मंडळाचा प्रस्ताव

राज्य मंडळाच्या शाळांचे प्रस्ताव सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर विभागीय मंडळाकडे शाळेमार्फत जातात. पालकांनी परस्पर नेऊन दिलेला कागद बहुधा 'शाळेमार्फत आणा' म्हणून परत येतो. क्रम असा ठेवा: नववीत प्रमाणपत्राची वैधता बघा; दहावीच्या पहिल्या महिन्यात कोणत्या सवलती हव्या ते लेखी द्या; परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरताना दिव्यांग प्रकाराचा रकाना बरोबर भरलाय का ते स्वतः बघा; प्रस्तावाची पोच शाळेकडून घ्या; आणि मंडळाचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. शाळेनं पाठवला म्हणजे मंजूर झाला, असं नाही.

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. त्याच माध्यमाचा, सुवाच्य अक्षराचा आणि मुलाच्या ओळखीचा असेल तर उत्तम. त्याच्या पालकांची संमती घ्या, आणि दुसरं एक नाव तयार ठेवा. नववीतलं मूल पेपरच्या दिवशी तापानं पडलं तर करणार काय?

इशारा: दहावीत नेहमीच्या गणिताऐवजी सोपं अंकगणित घेण्याची सवलत काही मुलांसाठी वरदान आहे. पण ती घेतली की विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक अशा वाटा अडतात. तोंडी हिशेब उत्तम करणाऱ्या मुलाला फक्त 'मिळतेय तर घेऊ' म्हणून ती देऊ नका. त्याला प्रश्न वाचून दाखवणारं माणूस आणि जादा वेळ पुरेसा असतो.

सीबीएसईच्या शाळेत मंडळाच्या पोर्टलवर शाळाच नोंद करते. नववीच्या नोंदणीतच मुलाचा प्रकार भरला गेलाय का, तेवढं बघा. जादा वेळ तिथेही तासाला वीस मिनिटंच.

पायरी ९: शाळा नाही म्हणाली तर

'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' हे उत्तर लेखी मागा. बरेचदा इथेच सूर बदलतो. नाही बदलला तर मनपाच्या शाळेसाठी मनपाच्या शिक्षण विभागाकडे आणि इतर शाळांसाठी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सोबत आवक शिक्क्यांच्या प्रती. त्यापुढे पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. तक्रारीत रागाचा मजकूर कमी आणि तारखा जास्त असू द्या: कोणता अर्ज कधी दिला, उत्तर कधी आलं, कोणती सोय नाकारली.

एखाद्या मुलाला विशेष शाळाच मानवते. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयासारख्या शाळांत सांकेतिक भाषा आणि वाचा-प्रशिक्षण मिळतं, ते साध्या शाळेत क्वचितच मिळतं. सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्क्यांवरच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं. पसंती मात्र पालकांची, शाळेच्या सोयीची नाही.

म्हणून शेवटचा इशारा सहीचा. दाखला काढून घ्या असं सुचवताना काही शाळा तयार अर्ज पुढे करतात, त्यात 'मी स्वेच्छेने पाल्याचे नाव काढून घेत आहे' असं छापलेलं असतं. दुसऱ्या शाळेचा प्रवेश हातात आल्याशिवाय त्यावर सही करू नका. स्वेच्छेनं काढलेल्या दाखल्यावर पुढे तक्रार उभी करणं फार कठीण जातं.